राहेल आत्याच्या नावाचे पेले

आत्या, दाऊदराव तुझ्यावर बोलले. पोटभर बोलले. नाताळला घालतात तो काळा कोट अंगात, हातात घडी घातलेला पांढरा रुमाल. "राहेलबाई म्हणजे आपल्या मंडळीची विश्वासातली आई," असं म्हणून त्यांनी तो रुमाल डोळ्यांना लावला, आणि मागच्या बाकांवरून हुंदके सुरू झाले. मी पहिल्या बाकावर होते. मयताच्या घरच्यांना पुढं बसवायची रीत आहे ना, म्हणून. आपल्या गावच्या ख्रिस्ती देवळात आपल्या घराला पहिला बाक मिळावा यासाठी तुला मरावं लागलं, हे त्या हुंदके देणाऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नसेल.

आणि गोष्ट कोणती सांगितली असेल तुझ्या शवपेटीसमोर उभं राहून? विहिरीवरच्या बाईची! प्रभूला तहान लागलेली, बाई परजातीची, तिच्या भांड्याला कोणी शिवायचं नाही, आणि प्रभू तिच्याजवळच पाणी मागतो. गळा काढून सांगितली. मंडळीचे मुख्य पंच ते, त्यांना अडवणार कोण! मिशनच्या दवाखान्यात जन्मभर कंपाउंडरकी केली, त्यामुळं औषध ढवळावं तशी गोष्ट ढवळून ढवळून सांगायची सवय. मला हसू फुटलं. तुझ्या मयतीत, आत्या, मी पदरात तोंड घालून हसले, आणि शेजारच्या बाईला वाटलं पोर रडतेय. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. बाहेर रस्त्यानं कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, त्यांच्या घुंगरांत दाऊदरावांचा आवाज मधूनमधून बुडायचा, तेवढंच बरं वाटत होतं.

ती गोष्ट त्यांच्या घरात नेली कोणी? तूच. मोठ्या दुष्काळात मांगवाड्यातून मिशनच्या अनाथाश्रमात आलेली पोर तू, धाकट्या भावाला काखेत घेऊन. तो भाऊ म्हणजे माझा बाप. तिथं तू वाचायला शिकलीस आणि मिससाहेबांनी तुला बायबलबाई केलं. म्हणजे काय, तर पायी गावं धरायची, पुरुष शेतात गेले की बायकांना घरी गाठायचं, प्रभूच्या गोष्टी सांगायच्या, भजनं म्हणायची, आणि कुत्रं अंगावर सोडलं तर पुढच्या दाराला जायचं. दाऊदरावांचं घर शेतीवाडीचं, कुळीचं. त्यांची आई उंबऱ्याच्या आत तूर निवडत बसायची आणि तू ओट्याखाली, मातीत. तहान लागली तर ती उंचावरून तुझ्या ओंजळीत पाणी सोडायची. तुझ्या गोष्टी ऐकून तिला रडू यायचं म्हणे. रडायची, पण धार वरूनच धरायची.

पुढं ते घर ख्रिस्ती झालं. भाऊबंदांनी त्यांना वाळीत टाकलं, विहीर बंद केली, ते त्यांनी सोसलं. मी ते खोटं म्हणत नाही. पण फरक काय पडला? तुझ्यासाठी एक पितळी पेला त्यांच्या ओट्यावरच्या कोनाड्यात आला. तू जायचीस, त्यातून पाणी प्यायचीस, स्वतः घासायचीस आणि परत कोनाड्यात ठेवायचीस. दाऊद तेव्हा लहान होता. त्याला अक्षरं तू शिकवलीस, प्रार्थना तू शिकवलीस, अंथरुणावर पडण्याआधी गुडघे टेकायला तू शिकवलंस. तुझ्या तोंडातून आलं ते सगळं त्या घरानं घेतलं. तुझ्या तोंडाला लागलं ते मात्र आजवर एकदाही घेतलं नाही, आणि हा माणूस तुला आई म्हणतो.

आता प्याल्याचं. तुला सांगायची गरज नाही, पण हे कोणा तिऱ्हाइताच्या हाती लागलं तर त्याला समजावं म्हणून नीट लिहिते. प्रभुभोजनाच्या रविवारी आपल्याकडे एकच प्याला असतो. साहेबलोक देश सोडून गेले तेव्हा त्याच्या कपाटाची किल्ली दाऊदरावांकडे आली. त्यांची बायको सगुणाबाई आदल्या दिवशी मनुका भिजत घालून उकळते, तो रस त्यात. आधी पाळकसाहेब घोट घेतात, मग ते प्याला धरून उभे राहतात आणि एकेकानं पुढं येऊन गुडघे टेकून एक घोट घ्यायचा. सगळ्यांचे ओठ एकाच प्याल्याला, कारण आपण सगळे एक. त्यासाठीच तर ते सगळं आहे. आणि आपल्या मंडळीनं त्यातून काय काढलं? रांग काढली! कोणी नियम केला नाही, कोणी तोंडानं बोललं नाही. दाऊदरावांचं घर आधी, मग त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांची घरं, मग इतर बाकं, आणि अगदी शेवटी खिडकीखाली सतरंजीवर बसणारी आपली माणसं. त्यांतही तू शेवटी. कोणी पाहुणा चुकून तुझ्यामागं उभा राहिला तर त्याला कोपराला धरून पुढं घ्यायचे, हसतमुखानं, मानपान केल्यासारखं.

मी पहिल्यांदा प्रभुभोजनाला बसले तो रविवार आठवतो? तूच घेऊन दिलेलं नवं पातळ नेसले होते. मला काय माहीत रांगेचं! दाऊदरावांच्या मागं सरळ उठून चालायला लागले. तू मागून माझा पदर धरून असा खेचलास की खांद्यावरची टाचणी उडाली. "थांब," म्हणालीस, ओठांतल्या ओठांत. घरी जाताना आपण बाजाराच्या रस्त्यानं भांडत गेलो.

"काऊन थांबू मी? कोणी सांगतलं?"

"कोणी नाई सांगतलं. चाल गुपचूप."

"सगळ्यात आधी तू पाह्यजे तिथं. त्याइच्या घरात देव तूनं नेला."

"देव मी नेला? बाप्पा बाप्पा! लय मोठी झाली मी." तू भर रस्त्यात उभी राहून हसलीस. "अवं पोरी, घोट घोटच राह्यते. आधी घे का मांगून घे."

"मंग त्याइले सांग न मांगून घ्याले."

याचं उत्तर तू दिलं नाहीस. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मी वर्ध्याला मास्तरीण झाले, नालवाडीत खोली घेतली, तिथंच प्रभुभोजन घ्यायला लागले, आणि सुटीत आर्वीच्या मोटारीनं तुझ्याकडे यायचे ते प्रभुभोजनाचा रविवार टाळून. तुला कळत होतं. तू बोलत नव्हतीस. तुझं ते गप्प बसणं, आत्या, मला दाऊदरावांपेक्षा जास्त चीड आणायचं. त्यांचा ढोंगीपणा तरी समजत होता. तू काय समजून त्या सतरंजीवर बसायचीस? तू अशी निमूट बसलीस म्हणून तर त्यांना स्वतःकडे कधी बघावं लागलं नाही. एकदा, फक्त एकदा रांगेत मध्ये घुसली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं का गं?

आणि तुझी प्रार्थना! ती तर मला पाठ होती. दिवेलागणीला चुलीसमोर बसून, मोठ्यांदा. आधी गावातले आजारी, मग दाऊद, त्याची बायको, त्याची पोरं, दाऊदच्या गुडघेदुखीसकट सगळं, आणि मग मी. तुझ्या प्रार्थनेतसुद्धा तो माणूस माझ्या आधी! मी एकदा तसं तोंडावर म्हटलं. तू भाकरी थापत होतीस. "तुह्यं काय, तू घरची हायेस," म्हणालीस. "देव तुले वळखते. दाऊदसाठीच मले भेव वाटते." मी ते उडवून लावलं आणि भाकरीवर ताव मारला. भूक लागली होती.

पण देव मला कळला तो तुझ्यामुळंच, हे मी कोणापुढंही सांगेन. आईबाप गेल्यावर तू मला वाढवलंस. शाळेतल्या शास्त्राच्या तासाला बसून मला देव कधीच पटला नसता. मी तापानं फणफणले होते तेव्हा तू माझं डोकं मांडीवर घेऊन त्याच्याशी भांडत होतीस. "हे लेकरू नेलं त पाह्य, तुह्याशी बोलनं बंद," असं तू देवाला धमकावलं होतंस. मला तापात ते ऐकू येत होतं, आणि मला वाटलं, एवढं ज्याला बोलता येतं तो कोणीतरी जवळच बसलेला असणार. दाऊदराव देवाशी बोलतात ते तहसीलदाराला अर्ज दिल्यासारखं, "परमकृपाळू" आणि "अनंतकोटी" आणि काय काय. तू भावाशी बोलावं तशी बोलायचीस. मी अजून तशीच बोलते, आणि अजून मला तुझ्यासारखं येत नाही.

तर मयत उरकली, लोक पांगले, आणि पुढच्या आठवड्यात पंचांनी मला बोलावणं धाडलं. मला वाटलं तुझ्या कबरीवरच्या दगडाचं असेल. देवळातच बसले होते सगळे. चहा आला, कपबशीतून, माझा कप त्यांच्या कपांसारखाच होता, हे मी आल्याआल्या बघून घेतलं. दाऊदरावांनी कोटाच्या खिशातून एक इवलासा काचेचा पेला काढून माझ्यासमोर ठेवला. औषध मोजायला असतो तसा.

"एस्तर, तुह्या आत्याचं काई स्मारक व्हाले पाह्यजे का नाई?"

मी म्हटलं, "पाह्यजे."

"आता आरोग्याचं पाहा लागते. क्षय किती पसरून राह्यला! एकाच प्याल्याले सगळ्याइचं तोंड, हे काई बरं नाई. नागपुराकडे असे पेले निंगाले हायेत. एकेकाले एकेक. लाकडाचं तबक, त्याले भोकं, भोकात पेले. अन् तबकावर पितळेची पट्टी. प्रभूमध्ये निजलेल्या राहेलबाई यांच्या स्मरणार्थ. रविवारी तुह्याच हातानं अर्पण करू."

बाकीच्या पंचांनी माना हलवल्या. एकानं तर "आमेन" म्हटलं. पाळकसाहेब नव्यानं आलेले, वयानं पोरगेले, ते चष्मा पुसत बसले होते.

क्षय म्हणे! तू म्हातारपणानं गेलीस. क्षयानं गेली ती दाऊदरावांची सख्खी भावजय. ती पहिल्या बाकावरून खोकत खोकत यायची, प्याला तोंडाला लावायची, आणि तिच्यामागून सगळी मंडळी बिनतक्रार प्यायची. तेव्हा कुठं गेलं होतं यांचं आरोग्य? तू होतीस तोवर रांग शाबूत होती, कारण ती तू सांभाळत होतीस. तू गेलीस आणि यांना धास्ती पडली. सतरंजीवरची उरलेली माणसं उद्या पुढं सरकली तर काय? त्या धास्तीपायी प्रभूचा प्यालाच कपाटात टाकायची तयारी झाली. कोनाड्यात तुझ्या एकटीचा पेला होता, आता सगळ्या मंडळीला वेगळा पेला मिळणार, आणि त्यावर नाव कोणाचं, तर तुझं! त्या पट्टीवर तुझं नाव चढलं असतं तर पुढं जन्माला येणाऱ्या पोरांनी तेच वाचलं असतं, की राहेलबाईच्या आठवणीसाठी आपण वेगळे वेगळे पितो. मेल्यावरही त्यांनी तुला शेवटीच उभं केलं असतं, आणि या वेळी कायमचं.

"पट्टीवर आत्याचं नाव नको," मी म्हटलं.

"काऊन? मान हाये तो."

"कल्पना तुमची हाये, मान तुम्ही घ्या. दाऊदराव यांच्या इच्छेवरून प्रत्येकास स्वतंत्र पेला. पट्टी मीच वर्ध्याहून करून आणते."

आत्या, तेव्हाचं त्यांचं तोंड तू बघायला हवं होतंस. "माह्यं नाव? नाई, नाई. माह्यं कायले?"

मी शेजारच्या पंचांकडे वळले. "मंग यांचं टाका."

"माह्यं नको बा. लोकं काय म्हनतीन?"

"काय म्हनतीन?"

मी आमेनवाल्याला विचारलं, तो आढ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, बरं, सगळ्या मंडळीच्या वतीनं म्हणून टाका. तेही नको. इतका थोर आरोग्याचा विचार, आणि त्याला आपलं नाव द्यायला एक माईचा लाल तयार नाही! म्हणजे सगळ्यांना सगळं कळत होतं. इतकी वर्षं मला वाटायचं की या लोकांना आपण काय करतो ते उमजत नाही, सवयीनं करतात बिचारे. कसले बिचारे! लाज कुठं आहे हे प्रत्येकाला बरोबर माहीत होतं. मेलेल्या बाईचं नाव तेवढं चालत होतं, कारण ती नाही म्हणायला येणार नव्हती. जन्मभर कधी म्हणाली नव्हती.

चहावर साय धरली. शेवटी पाळकसाहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "मग या रविवारी आपला प्यालाच ठेवू." दाऊदरावांनी तो काचेचा पेला उचलून खिशात टाकला आणि प्याल्याच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली.

मी शाळेत सुटी वाढवून घेतली आणि रविवारी गेले. सतरंजीवरच बसले. प्रभुभोजनाची भाकर मोडून झाली, पाळकसाहेबांनी प्याला हातात घेतला, आणि मी सगळ्यांच्या आधी उठले. गुडघे टेकले, घोट घेतला. रस थोडा आंबला होता. मी ओठ काढल्यावर पाळकसाहेबांनी काय केलं असेल? रीतीप्रमाणे त्यांनी आधी घ्यायचा, पण त्यांनी घेतला नव्हता. माझ्यानंतर घेतला. कड पुसली नाही, फिरवली नाही, मी जिथून प्यायले तिथूनच प्यायले, आणि प्याला धरून मंडळीकडे तोंड करून उभे राहिले.

कोणी उठेना. सगळ्यांच्या नजरा दाऊदरावांच्या मानेवर. दाऊदराव भजनांच्या पुस्तकात डोकं घालून बसले होते. आणि सगुणाबाई उठली, आत्या! जी बाई लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या आधी उंबरा ओलांडत नाही, ती पदर सावरून आली, टेकली आणि प्यायली. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "सासूबाई अंथरुनावर पडल्या, त तुह्या आत्यानं त्याइचं हागमूत काढलं. तवा नाई कोणाले क्षय आठोला." आणि ती बाकावर परत गेलीच नाही, सतरंजीवर आपल्या माणसांत जाऊन बसली. तिच्यामागून एकेक जण यायला लागला. सगळे नाही आले. काही जण खाली बघत राहिले, त्यांची नावं लिहून मी शाई घालवत नाही.

दाऊदराव उठले नाहीत. पाळकसाहेबांनी वाट पाहिली. मीही पाहिली, पण त्यांच्यासारखी नाही. मला तो माणूस तिथं तसा अडकलेला बघायचा होता. उठवत नव्हतं, आणि न उठलेलं सगळं देऊळ बघत होतं. इतक्या वर्षांचा राग असा समोर बसलेला दिसला आणि मला गोड वाटलं, लपवत नाही. मग त्यांनी मान वर केली. माझ्याकडे नाही बघितलं. खिडकीखाली तू बसायचीस त्या जागेकडे बघितलं, आणि त्यांची हनुवटी थरथरायला लागली. कोणी दाखवण्यासाठी रडतो तसं ते नव्हतं. म्हातारा माणूस, दुखरे गुडघे, उठायचं होतं की नव्हतं, कोण जाणे.

तू असतीस तर काय केलं असतंस ते मला माहीत आहे. पाळकाच्या हातून प्याला घेऊन तू त्यांच्या बाकापाशी गेली असतीस. "घे रे दाऊद," म्हणाली असतीस, आणि तो प्यायला असता, तुझ्यानंतर, सगळ्यांदेखत. मी जवळच उभी होते. मागितला असता तर पाळकसाहेबांनी प्याला माझ्या हातात दिलाही असता. मी मागितला नाही. भजन झालं, आशीर्वाद झाला, आणि दाऊदराव तसेच, न पिता, काठी टेकत घरी गेले.

तुझा विश्वास माझ्यापर्यंत आला, आत्या. पण तेवढा नाही आला अजून.